ओरिगामीसाठी घरच्या घरी थरांचा कागद: टिश्यू, फॉइल आणि खळ

एखादा भुंगा किंवा ड्रॅगन घडवायला घ्यावा, डायग्रामप्रमाणे सगळं नीट जमत जावं आणि पाय काढायची वेळ आली की हातात नुसता ठोकळा उरावा, असं झालं असेल तर दोष बहुतेक वेळा बोटांचा नसतो, कागदाचा असतो. झेरॉक्सचा कागद 75 ते 80 जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. त्याची जाडी जवळपास 0.1 मिमी. किड्याच्या एका पायात 32 थर येणं ही काही अतिशयोक्ती नाही, आणि तेवढे थर म्हणजे तीन मिलिमीटरहून जाड गठ्ठा. तो कितीही दाबला तरी पाय दिसणार नाही, काडी दिसेल.

मग पातळ कागद घ्यावा, असं कुणालाही सुचेल. गिफ्ट पॅकिंगचा टिश्यू पुरेसा पातळ असतो, पण त्याच्यात जीव नसतो. घडी घातली की ती तशीच राहत नाही, कोपरा टोकदार होत नाही आणि चार वेळा उलटसुलट केला की फाटतो. यावर जगभरचे ओरिगामीवाले जे करतात ते सोपं आहे: दोन पातळ कागद एकमेकांना असे जोडायचे की पातळपणा टिकेल आणि ताठपणा वाढेल. असा कागद दुकानात सहसा तयार मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. घरी करायला एक संध्याकाळ आणि दोन रात्री पुरतात. त्यातली आधीची रात्र गोंद मुरण्यासाठी, नंतरची नुसती वाळण्यासाठी.

पद्धती मुख्यतः तीन. दोन टिश्यू सेल्युलोजच्या गोंदाने जोडायचे, याला सगळे ‘डबल टिश्यू’ म्हणतात. मध्ये स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल आणि दोन्ही बाजूंनी टिश्यू, हा टिश्यू-फॉइल. आणि तिसरी, जाडसर हातकागदाला मागून दुसरा कागद खळीने चिकटवणं. नव्या माणसाने पहिलीपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून इथे तिलाच सगळ्यात जास्त जागा देतो.

सामान

टिश्यू म्हटल्यावर हात पुसायचा पेपर नॅपकिन डोळ्यांसमोर येतो. तो चालणार नाही, ओला झाला की त्याचा लगदा होतो. आपल्याला हवा तो गिफ्टच्या खोक्यात किंवा नव्या चपलांभोवती गुंडाळलेला असतो तो गुळगुळीत, कुरकुर वाजणारा कागद. तो साधारण 17 ते 20 जीएसएमचा असतो. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात पॅकिंगच्या दुकानांत त्याचे मोठे ताव मिळतात. घड्या कमीत कमी पडलेले ताव मागून घ्या.

पतंगाचा कागदही वापरता येतो, आणि संक्रांतीच्या आधी तो सहज मिळतो. पण त्याचा रंग पाण्यात उतरतो. ओल्या बोटावर पांढरा रुमाल घेऊन कागदाच्या कोपऱ्यावर घासा. रुमाल रंगला तर तो कागद डबल टिश्यूसाठी बाद. असे कागद फेकू नका, फॉइलच्या पद्धतीत पाणी लागत नाही, तिथे ते कामाला येतील.

आता गोंद. परदेशात यासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात. अमेरिका-युरोपातल्या वाचकांना ते बुकबाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात मिळेल. आपल्याकडे ते शोधत बसण्यापेक्षा केकचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि सीएमसी पावडर मागा. हे त्याचंच जवळचं भावंड, कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज. केकवरची साखरेची फुलं घट्ट व्हावीत म्हणून बेकरीवाले ते वापरतात. काही ठिकाणी ते ‘टायलोज पावडर’ या नावाने मिळतं. छोटी डबी कितीतरी कागदांना पुरते.

फेव्हिकॉल पाण्यात कालवून वापरला तर नाही का चालणार? चालतं, पण मला आवडत नाही. तो वाळला की कागदावर प्लॅस्टिकसारखा पापुद्रा येतो, घडी रबरासारखी परत उघडू पाहते आणि पुन्हा ओलं केल्यावर थर सुटत नाहीत. सीएमसीचं तसं नाही. ते पाण्याने पुन्हा मऊ होतं, आणि हा गुण शेवटी फार उपयोगी पडतो.

बाकी सामान घरातलंच. दोन ते तीन इंची सपाट, मऊ केसांचा ब्रश. कटर, स्टीलची पट्टी, गुण्या. आणि एक गुळगुळीत पृष्ठभाग: काच सर्वोत्तम. टीपॉयची काच, खिडकीचं तावदान, जुना मोठा आरसा, काहीही. सनमायकाचं टेबल किंवा ग्रॅनाइटचा ओटाही चालतो, मात्र रात्रभर ओटा अडवून ठेवायची परवानगी आधी घ्या. खरखरीत कडप्प्यावर करू नका, कागद निघताना फाटेल.

गोंद कसा कालवायचा

एक सपाट चमचा सीएमसी, एक कप म्हणजे सुमारे 250 मिली पाण्यात. पावडर एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात आणि त्या फोडता फोडत नाहीत. म्हणून पाणी रवीने घुसळत राहायचं आणि पावडर चिमटीचिमटीने वरून भुरभुरायची. झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवलं तरी चालतं. तरीही थोड्या गुठळ्या राहतातच. बरणी झाकून रात्रभर ठेवा, सकाळी त्या विरघळलेल्या असतात आणि बुडबुडेही वर येऊन गेलेले असतात.

मिथाइल सेल्युलोज मिळालं असेल तर कृती थोडी वेगळी. ते गरम पाण्यात विरघळत नाही, गार पाण्यात विरघळतं. म्हणून आधी एक तृतीयांश पाणी चांगलं कढत करून त्यात पावडर नीट पसरवायची, म्हणजे प्रत्येक कण सुटा भिजतो. मग उरलेलं पाणी अगदी गार घालून ढवळायचं. निवत गेलं की ते दाट होतं.

तयार गोंद भाताच्या पेजेइतका दाट असावा. सीएमसीचे प्रकार कमी-जास्त दाट होणारे असतात, त्यामुळे चमच्याच्या मापावर फार विसंबू नका. ब्रशने लावलेला गोंद टिश्यूतून आरपार जायला हवा, ही खरी कसोटी. वरच राहत असेल तर पाणी घाला.

इथेच या कामाचं मर्म आहे. आपण दोन कागदांच्या मध्ये गोंद लावून ते चिकटवत नाही. गोंद वरून लावतो आणि तो दोन्ही कागदांत मुरवतो. वाळल्यावर तंतू आणि सेल्युलोज मिळून एकच पातळ ताव होतो. घडी धरून ठेवण्याची ताकद टिश्यूत नसतेच, ती या मुरलेल्या गोंदातून येते. मधोमध भरपूर आणि कडेला कोरडं असं झालं तर तोच कागद मधे कडक आणि कडांना लुळा होतो, आणि टोकं घडवताना ते लगेच जाणवतं.

डबल टिश्यू, पायरीपायरीने

1. काच साबणाने धुऊन कोरडी करा. तेलाचा एक ठिपकाही राहू देऊ नका, तिथे गोंद धरत नाही आणि कागदावर डाग उमटतो.

2. दोन्ही टिश्यू हव्या त्या चौरसापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठे कापा. पहिल्यांदा 35 सेंमीचा चौरस पुरे. नेमका चौरस आता कापू नका. ओला टिश्यू ताणला जातो, त्यामुळे आधी काढलेला काटकोन वाळल्यावर काटकोन राहत नाही.

3. कागदाची दिशा पाहा. यंत्रावर केलेल्या कागदात तंतू बहुतेक एका दिशेने पडलेले असतात. कोपरा फाडून बघा: एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. दोन्ही टिश्यूंची दिशा एकच ठेवा. आडवे-उभे ठेवले तर मजबुती वाढते असं म्हणणारेही आहेत, पण दोनच थर असताना असा कागद दमट हवेत वाकडा होतो. ओला झाल्यावर कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो, आणि दोन कागद दोन दिशांना पसरले तर ओढाताण होणारच.

4. पहिला टिश्यू कोरडाच काचेवर पसरा. मधोमध गोंदाचा भरपूर ब्रश टेकवा आणि तिथून कडांकडे नेत चला. ब्रश जवळजवळ आडवा धरा, टोकाने टोचू नका. सुरकुत्या पडतील. घाबरू नका, कागद पसरतोय म्हणून पडतात. गोंदाचा हात फिरत गेला की त्या बाहेरच्या बाजूला सरकतात. अडून बसलेली सुरकुती असेल तर जवळचा कोपरा अलगद उचलून पुन्हा ठेवा.

5. दुसरा टिश्यू कोरडा असतानाच फॉइलच्या किंवा किचन रोलच्या संपलेल्या नळकांड्यावर गुंडाळा. एक कड पहिल्या कागदाच्या कडेला लावून तो हळूहळू उलगडत जा, मागोमाग मोकळ्या हाताने ब्रश. घरात कुणी मदतीला असेल तर एकाने नळकांडं धरावं, दुसऱ्याने ब्रश चालवावा. एकट्याने होतं, पण दोघांनी केलं की भांडणं कमी आणि बुडबुडे कमी.

6. आता वरून पुन्हा गोंद, पुन्हा मधून बाहेर. हवेचे बुडबुडे दिसतील. ब्रशने ते कडेपर्यंत ढकला. कडा काचेवर चांगल्या चिकटवा, पुढचा सगळा ताण त्याच धरणार आहेत. जास्तीचा गोंद कडेला साचला असेल तर पुसून घ्या, नाहीतर तिथे काचेसारखी कडक किनार तयार होते.

7. वाळू द्या. पंखा मंद चालेल, पण जोरात नको, आणि ऊन तर नकोच. कडा मधल्या भागाआधी वाळून सुटल्या की उरलेला कागद आक्रसतो आणि चुण्या कायमच्या राहतात. उन्हाळ्यात चार-सहा तासांत काम होतं. कोकणात जुलैमध्ये पूर्ण दिवसही लागतो.

8. हात लावून गार लागला तर अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावर एका कोपऱ्याखाली कटरचं पातं आडवं सरकवा, कोपरा सुटला की बोटाने धरा आणि काचेला जवळजवळ समांतर, हळू खेचा. काचेकडची बाजू चकचकीत निघेल, वरची मऊसर. कुठली बाहेर दिसावी ते मॉडेलवर ठरवा.

9. मग चौरस कापा. एक सरळ कड काढा, गुण्याने दुसरी, मापाने उरलेल्या दोन. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजेच चौरस खरा. 35 सेंमीच्या कागदात एका मिलिमीटरचा फरकही शेवटच्या घड्यांत जाणवतो.

कापून उरलेल्या पट्ट्या ठेवून द्या. एका पट्टीवर एकाच रेषेवर पुढे-मागे बऱ्याचदा घडी घालून पाहा. रेषेवर पांढरं दिसू लागलं किंवा पापुद्रा सुटला तर गोंद कमी पडलाय. पट्टी कडक वाजत असेल आणि मोडत असेल तर जास्त झालाय. पुढच्या तावाला त्याप्रमाणे पाणी कमी-जास्त करा.

रंगांबद्दल थोडं

टिश्यू अर्धपारदर्शक असतो. पिवळ्याच्या मागे काळा लावला की पिवळा मळकट दिसतो, पांढऱ्याच्या मागे लाल लावला की गुलाबी. ओला असताना हे आणखी गडद दिसतं, म्हणून वाळेपर्यंत निकाल देऊ नका. दोन बाजूंना दोन अगदी वेगळे रंग हवेत, उदाहरणार्थ पांडा किंवा बगळ्यासाठी, तर मध्ये आणखी एक पांढरा टिश्यू घालून तीन थर करा किंवा सरळ फॉइलकडे वळा. मनासारखा रंग मिळत नसेल तर पांढरा टिश्यू घेऊन गोंदातच अॅक्रिलिक रंगाचे थोडे थेंब मिसळा. थोडेच. अॅक्रिलिक जास्त झालं की कागद रबरी होतो आणि काचेला धरून बसतो.

फॉइलचा कागद

हा करायला सगळ्यात झटपट, वाळायची वाट पाहावी लागत नाही. स्वयंपाकघरातली साधी फॉइल सुमारे 11 मायक्रॉन जाड असते, म्हणजे मिलिमीटरचा जवळपास नव्वदावा भाग. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेला रोल घेऊ नका, इथे पातळच हवी. रोलची रुंदी साधारण 30 सेंमी असते, त्यामुळे चौरसही तेवढाच. मोठा हवा असेल तर दोन पट्ट्या एकमेकींवर जेमतेम चढवून जोडता येतात, पण तो सांधा मधे येणार नाही असं बघा.

गोंद इथे स्प्रेचा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, फॉइल सुरकुती न पाडता त्यावर ठेवा, हातभर अंतरावरून एकसारखा हलका फवारा मारा. एका जागी थांबू नका. मिनिटभराने नळकांड्यावर गुंडाळलेला टिश्यू एका कडेपासून उलगडत लावा आणि सुती फडक्याने मधून बाहेर घासा. पालटून दुसरी बाजू तशीच करा. इथे चुकलं तर दुरुस्ती नाही: टिश्यू एकदा टेकला की टेकला. फवारा ज्वालाग्राही असतो आणि त्याचा वासही डोक्यात जातो, म्हणून गॅलरीत किंवा गच्चीवर करा. स्वयंपाकघरात कधीच नको, देव्हाऱ्यातली समईही आधी शांत झालेली असू द्या. मुलांनी हे काम मोठ्यांशिवाय करू नये.

हा कागद जिथे वाकवाल तिथे राहतो. किड्याचे पाय, पक्ष्याची बोटं, मिशा यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तो विसरत नाही. चुकून पडलेली घडी फॉइलवर कायमची दिसते, आणि एकच रेषा वारंवार उलटवली की फॉइल तिथे चिरते. मोठे सपाट भाग, घोड्याची पाठ किंवा पानाची पात, यात फॉइल चुरगळल्यासारखी दिसते आणि मला ती स्वस्त वाटते. नवशिक्यांना मात्र फॉइल लगेच आवडते, कारण घडी नेमकी पडली नाही तरी नुसती दाबून आकार बसवता येतो. म्हणूनच ती सुरुवातीला जास्त वापरू नये असं वाटतं.

खळ आणि जाड कागद

ओल्या घडीचं तंत्र रूढ केलं ते जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी. जाड कागद किंचित दमट करून घडवायचा, म्हणजे टोकदार कडांऐवजी गोलाई येते आणि वाळल्यावर आकार तसाच घट्ट राहतो. कागदाच्या मागे दुसरा कागद गव्हाच्या खळीने चढवायची रीत तिथूनच ओळखीची झाली. पुढे अमेरिकेत मायकेल लाफॉस यांनी ती जोपासली. त्यांच्या ओरिगामिडो स्टुडिओत तर कागदच हाताने गाळला जातो.

आपल्याला खळ नवी नाही. आकाशकंदील करताना सगळ्यांनी केलेली आहे. एक भाग मैदा, पाच-सहा भाग पाणी, आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवायचं. गाळून, पूर्ण गार करून वापरायचं. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. आपण घालू नये, ते विषारी आहे आणि फिक्या कागदावर निळसर झाक येते. लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. पण खरं सांगायचं तर खळीच्या कागदाला आपल्या हवेत कसर आणि झुरळं सोडत नाहीत, पावसाळ्यात बुरशी धरते. काचेच्या पेटीत राहणारं मॉडेल असेल तरच खळ, एरवी सीएमसी. किड्यांना त्यात फारसा रस नसतो.

यासाठी नेपाळी लोकता कागद उत्तम. त्याचे तंतू लांब असतात, ओला झाल्यावरही तो तग धरतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांचा कागदही घेता येईल. ही संस्था 1940 साली सुरू झाली. सुती कागद जाड असतो, त्याचा भुंगा होणार नाही. हत्ती, घुबड, मुखवटा, बसलेली मांजर अशा कमी घड्यांच्या गुबगुबीत आकृत्यांना मात्र तो शोभतो. जाड कागदाला मागून आणखी जाड कागद लावू नका, एक टिश्यू पुरे.

पहिलं काय घडवावं

क्रेन, म्हणजे ओरिगामीतला तो नेहमीचा कागदी करकोचा, नको. त्याच्या घड्या साध्या कागदावरही जमतात, मग फरक कळत नाही. टोकाशी बरेच थर येतात अशी मधल्या अवघडपणाची आकृती घ्या: पारंपरिक बेडूक चालेल, त्याचे पाय नेमके हेच तपासतात. आधी तो झेरॉक्सच्या कागदाचा करा, मग तेवढ्याच आकाराच्या डबल टिश्यूचा.

आकृती पूर्ण झाली की सीएमसीचा तो गुण वापरा. लहान ब्रशने पायांवर थोडा गोंद लावा, मिनिटभर मुरू द्या आणि पाय चिमटीत धरून पिळा, दाबा, वळवा. थर एकमेकांत बसतात, पाय पहिल्यापेक्षा बारीक होतो. मग कपड्यांचे चिमटे लावून वाळवा. चिमट्याचे दात उमटू नयेत म्हणून मधे प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, कागदाचा तुकडा चिकटून बसेल. फॉइलच्या मॉडेलला हे करू नका, पाणी आत शिरलं की टिश्यू फॉइलवरून सुटू लागतो.

करून ठेवलेले ताव घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळून ठेवा, चकचकीत बाजू बाहेर. पावसाळ्यात नळकांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. उरलेला गोंद फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. त्यानंतर तो पातळ होतो, वास येतो आणि चिकटही राहत नाही. बरणीवर चिठ्ठी लावायला विसरू नका, फ्रिजमध्ये तो घरच्यांना पेजेसारखाच दिसतो.